आयईएलटीएस लिसनिंग: ७ बँड हवेत, सोलापुरात राहून तयारी कशी करू?

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, सोलापुरातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये आयसीयूला स्टाफ नर्स. इंग्लंडला जायचं चाललंय. तिथल्या नर्सिंग कौन्सिलचं, म्हणजे एनएमसीचं रजिस्ट्रेशन लागतं आणि त्यासाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या ॲकॅडेमिक प्रकारात लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला नऊपैकी ७ बँड आणि रायटिंगला ६.५ हवेत. रीडिंग जमतंय. पेशंटच्या नातेवाइकांशी वाद घालून घालून स्पीकिंगची भीती गेली आहे. लिसनिंग मात्र चाळीसपैकी पंचविशीच्या आसपास अडकलंय, हलायचं नाव नाही.

शाळा बार्शी तालुक्यातली, झेडपीची, मराठी माध्यम. इंग्रजी वाचलेलं कळतं, आपल्याकडचे डॉक्टर बोलतात तेही कळतं. पण त्या रेकॉर्डिंगमधली बाई बोलायला लागली की पहिली दोन वाक्यं नीट जातात, मग एखादा शब्द अडतो. त्याचा विचार करेपर्यंत ती तीन उत्तरं सांगून पुढे गेलेली असते. आणि सगळं एकदाच वाजवतात.

एक क्लास लावला होता. तिथे रोज पेपर लावायचे, उत्तरं वाचून दाखवायचे, किती आले ते विचारायचे, संपलं. का चुकलं हे कुणी बोलायचं नाही. रोज पेपर सोडवूनही आकडा तोच राहत असेल तर वेगळं काय करायचं? ड्युटी सांभाळून करायचंय, त्यामुळे रोज तीन तास बसा असं कृपया सांगू नका.

कडक भाकरी
ताई, टेन्शन घेऊ नका. माझा एक दोस्त कॅनडाला गेला, नुसते इंग्लिश पिच्चर बघून गेला बे. रात्रंदिवस तेच. खाली सबटायटल लावा, महिन्यात कान तयार. मी पण तेच करलालो सध्या, परीक्षा नसली तरी.

खडू आणि फळा
भाकरीराव, सबटायटल चालू असताना माणूस वाचतो. ऐकण्याचा भास होतो एवढंच. तुमचा दोस्त हुशार असणार, तो पिच्चर न बघताही गेला असता.

मी जिल्ह्यातल्या शाळांमधून इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. रात्रपाळीताईंचं दुखणं माझ्या ओळखीचं आहे. आपल्या राज्यात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीची सगळी पिढी पाचवीपासून शिकली. आणि पहिलीपासून शिकलेल्यांनाही आम्ही मास्तरांनी शिकवलं ते वाचून, धडा समजावून, प्रश्नोत्तरं लिहून. कानावर पडलं ते मास्तरांचंच इंग्रजी. म्हणजे भाषा डोळ्यांतून आत गेली. आता परीक्षा ती कानांतून मागते, म्हणून ओळखीचा शब्दही अनोळखी वाटतो.

ताई, एक सांगा. पेपर झाल्यावर रेकॉर्डिंगचा छापील मजकूर समोर ठेवून पुन्हा ऐकता का?

रात्रपाळी
नाही सर. पुस्तकात मागे असतो, पण क्लासमध्ये कधी उघडायला लावला नाही.

जुळे सोलापूर
धागा वाचणाऱ्या नवख्यांसाठी रचना थोडक्यात सांगतो. चार भाग, चाळीस प्रश्न, साधारण तीस मिनिटांचं रेकॉर्डिंग. पहिल्या भागात दोघांचं रोजच्या व्यवहारातलं बोलणं, म्हणजे घर भाड्यानं घेणं, कोर्सची चौकशी वगैरे. दुसऱ्यात एकच माणूस एखाद्या ठिकाणाची किंवा सोयींची माहिती देतो. तिसऱ्यात विद्यार्थी आणि प्राध्यापक यांची चर्चा. चौथ्यात सरळ लेक्चर. ॲकॅडेमिक आणि जनरल या दोन्ही प्रकारांना लिसनिंग एकच असतं. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे रिकामी जागा ठेवणं हा गुन्हा.

चाळीसपैकी साधारण २३ ला ६ बँड, ३० ला ७, ३५ ला ८. पेपरागणिक थोडं इकडेतिकडे होतं. म्हणजे रात्रपाळीताईंना पाचेक गुण कमी पडतायत. डोंगर नाहीये हा.

शनिवारातला
सोलापूरकरांना लिसनिंग अवघड जाणारच. तिथे सगळेच एका वेळी बोलतात, ऐकायला उरतं कोण?

कडक भाकरी
पुण्यात तर दुपारी एक ते चार कोण बोलतच नाही, तुमचा सराव कसा होतो ते सांगा आधी.

पूर्वभागातला
दोघं थांबा रे. ताई, मी नुकताच ही परीक्षा देऊन मोकळा झालोय, आयर्लंडला एमएससाठी. लिसनिंगला सुरुवात तुमच्याइतकीच होती.

आमच्या घरी तेलुगू, गल्लीत मराठी, आणि वडिलांच्या मागावर कामाला येणारे काही जण कन्नड बोलणारे. मला कन्नड कुणी शिकवलं नाही. मला ते लिहिता येत नाही, वाचता येत नाही. पण दोन माणसं कन्नडमध्ये पगाराबद्दल भांडत असतील तर किती पैसे, कधी आणि कोण चिडलंय एवढं मला बिनचूक कळतं. बाकीचे शब्द मी सोडून देतो, त्याचं वाईटही वाटत नाही.

इंग्रजीत मात्र एक शब्द सुटला की माझा जीव जायचा. कारण सर म्हणाले तेच. इंग्रजी वाचत शिकलो, त्यामुळे प्रत्येक शब्द स्पेलिंगसकट डोळ्यांसमोर यायची वाट बघायचो. ते बंद झाल्यावर माझे गुण हलले. सोलापुरात तीन-चार भाषा कानावर घेत वाढलेल्या माणसाला ऐकायचं कसब आधीपासून आहे, इंग्रजीच्या वेळी आपण ते खिशात ठेवून बसतो.

रात्रपाळी
हे पटतंय. आयसीयूत अक्कलकोटकडचे पेशंट कन्नड बोलतात, मला भाषा येत नाही पण दुखतंय कुठे ते कळतं. पण परीक्षेत नेमका शब्द लिहायचा असतो ना? अंदाजावर कसं भागेल?

खडू आणि फळा
चांगला प्रश्न विचारलात. दोन्ही लागतं, पण वेगवेगळ्या वेळी. परीक्षेच्या अर्ध्या तासात पूर्वभागातल्या मुलानं सांगितलं तसं वागायचं, सुटलं ते सोडायचं. घरी सरावाच्या वेळी उलट, एकेक अक्षर पकडायचं. बहुतेक जण घरी परीक्षेसारखे वागतात आणि परीक्षेत घरच्यासारखे.

घरचा सराव सांगतो. जुनीच गोष्ट आहे, श्रुतलेखन. चौथ्या भागातल्या लेक्चरचा एक मिनिटाचा तुकडा घ्या. थांबवत थांबवत, हवं तितक्या वेळा मागे नेत, ऐकू येईल तसं शब्दन् शब्द वहीत लिहा. कळलं नाही तिथे रेघ मारा. पूर्ण झाल्यावर छापील मजकूर उघडा आणि लाल पेनानं स्वतःच तपासा. एका मिनिटाला अर्धा तास गेला तरी जाऊ द्या. ड्युटीवरून आल्यावर एवढं एकच करा. पेपर आठवड्यातून एक पुरे.

लाल खुणा बघताना प्रत्येकीपुढे कारण लिहा. शब्दच माहीत नव्हता? माहीत होता पण कानाला ओळखू आला नाही? ऐकू आला पण स्पेलिंग चुकलं? की त्या क्षणी लक्षच नव्हतं? चारही रोगांवर औषध वेगळं आहे. क्लासमध्ये ‘किती आले’ एवढंच विचारतात तेव्हा हे चारही रोग एकाच आकड्यात जातात.

होटगी रोड
मी क्लास चालवतो, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. सरांचा मान ठेवून सांगतो, श्रुतलेखन ज्यांच्या हाताशी सहा महिने आहेत त्यांच्यासाठी ठीक. बहुतेक मुलं परीक्षेची तारीख घेऊन येतात आणि तीन आठवडे बाकी असतात. तेव्हा रोज पेपर सोडवून वेळेची सवय लावणं एवढंच हातात उरतं. सलग तीस मिनिटं लक्ष टिकवणं हीसुद्धा वेगळी ताकद आहे, ती एक मिनिटाच्या तुकड्यांवर येत नाही.

खडू आणि फळा
शेवटचं वाक्य मान्य. पण रोजच्या पेपरनं तेवढीच ताकद वाढते. जो शब्द काल ओळखू आला नाही तो आज पेपर बदलल्यामुळे ओळखू येईल, असं कसं होईल?

होटगी रोड
काहींचं होतं सर. ज्यांचं इंग्रजी आधीपासून बरं आहे त्यांचं. बाकीच्यांसाठी तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण तीस पोरांच्या बॅचमध्ये प्रत्येकाच्या लाल खुणा मी बघू शकत नाही.

रात्रपाळी
काल नाइट नव्हती, श्रुतलेखन करून बघितलं. एका मिनिटाला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागला. निकाल बघून चक्रावले. मला वाटायचं माझे अवघड शब्द चुकतात. तसं नाहीच. अवघड शब्द सगळे बरोबर! सुटले ते ऑफ, टू, हॅव, देम असले चिल्लर शब्द आणि शब्दांच्या शेवटचे एस.

एक वाक्य तर असं होतं की मी ‘इट वुड बी चीपर’ लिहिलं, मजकुरात ‘इट वुड हॅव बिन चीपर’. पुन्हा ऐकलं तर तो माणूस ‘वुडाबिन’ असं काहीतरी म्हणतोय. हॅव कुठेच नाही!

खडू आणि फळा
आहे, गिळलेलं आहे. आणि अर्थ बघा किती फिरला. ‘वुड बी’ म्हणजे स्वस्त पडेल, ‘वुड हॅव बिन’ म्हणजे स्वस्त पडलं असतं, पण तसं केलं नाही. तिसऱ्या भागात विद्यार्थी प्रोजेक्टबद्दल बोलतात तेव्हा असल्या वाक्यांवरच प्रश्न असतो. कोणती पद्धत निवडली? तुम्ही टाकून दिलेल्या पद्धतीवर खूण करून बसता.

हे गिळणं समजून घ्या. आपण मराठीत ‘सोलापूरहून पुण्याला निघालो’ म्हणतो तेव्हा जवळजवळ प्रत्येक अक्षराला वजन मिळतं. इंग्रजीही आपण त्याच चालीत बोलतो, आणि आपल्याला आपलंच बोलणं कळतं. इंग्रज माणूस वाक्यातल्या दोन-तीन शब्दांवर जोर देतो आणि मधले सगळे दाबून टाकतो. ‘ऑफ’ चा नुसता ‘अ’ उरतो, ‘अँड’ चा ‘न’. ‘कॅन’ चा ‘कन’ होतो. ब्रिटिश माणूस ‘कान्ट’ म्हणताना आ लांबवतो, त्यामुळे तो कळतो. अमेरिकन ‘कॅन्ट’ मधला ट जवळजवळ खातो. तिथे ‘कन’ ऐकू आलं तर होकार, स्पष्ट ‘कॅन’ ऐकू आलं तर बहुधा नकार, असा कान लावावा लागतो.

फिफ्टीन आणि फिफ्टी यातही तेच. शेवटचा न शोधत बसू नका, तो पुष्कळदा पुढच्या शब्दात मिसळतो. जोर कुठे पडला ते ऐका. फिफ्टीला पुढे जोर, फिफ्टीनला मागचा ‘टीन’ लांब.

मेलबर्नची सून
मूळची सोलापूरची, माहेर रेल्वे लाइन्सला. सरांच्या यादीत भर घालते, कारण परीक्षेत ब्रिटिश, अमेरिकन, कॅनडियन, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे असे सगळे आवाज येतात.

इथला ‘ए’ आपल्या कानाला ‘आय’ सारखा लागतो. पहिल्या भागात नाव किंवा पत्ता अक्षरं सुटी करून सांगतात, तिथे हे फार घातक. ‘टुडे’ चं ‘टुडाय’ होतं. मी इथे आले तेव्हा नवऱ्याच्या ऑफिसमधल्या बाईनं तिच्या मुलाचं नाव सांगितलं, ते मी वर्षभर चुकीचं म्हणत होते आणि तिनं कधी दुरुस्त केलं नाही. न्यूझीलंडवाल्यांचं आणखी वेगळं. त्यांचा पेन ‘पिन’ वाटतो आणि सिक्स ‘सक्स’ कडे झुकतो. ब्रिटिश लोक शब्दाच्या शेवटचा र म्हणत नाहीत, कारचं नुसतं ‘का’ होतं. अमेरिकन र म्हणतात, पण वॉटरमधल्या ट चा ड करतात.

घाबरू मात्र नका. परीक्षेतले आवाज स्वच्छ असतात, आमच्या इथल्या प्लंबरसारखं कुणी बोलत नाही. फोन नंबर सांगताना शून्याला ‘ओ’ आणि दोनदा आलेल्या आकड्याला ‘डबल’ म्हणतात, ते आपल्याला सवयीचं आहे.

क्रिकेट बघत असाल तर ऑस्ट्रेलियातल्या मालिकेचं इंग्रजी समालोचन लावून पाठ फिरवून बसा. कोण आउट, किती धावा, कुठे फटका मारला, एवढं न बघता सांगता आलं पाहिजे. विषय ओळखीचा असल्यामुळे कानाला फक्त उच्चारांशी झगडावं लागतं.

कडक भाकरी
हे झालं माझ्या कामाचं. बायकोला दाखवलालो हा प्रतिसाद, आता मॅच बघितली तरी अभ्यासच.

लीड्सची सिस्टर
रात्रपाळी, अगं तू ओईटीचा विचार केलास का? एनएमसी इंग्रजीच्या या दोनच परीक्षा मानते, आयईएलटीएस आणि ओईटी. ओईटी आरोग्यक्षेत्रातल्या लोकांसाठीच आहे. तिथे लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला बी ग्रेड आणि रायटिंगला सी प्लस लागतो.

लिसनिंगमध्ये तीन भाग, एकूण ४२ प्रश्न. पहिल्या भागात पेशंट आणि डॉक्टर किंवा नर्स यांचं बोलणं, अशी दोन रेकॉर्डिंगं, त्यावर नोट्समधल्या २४ रिकाम्या जागा भरायच्या. दुसऱ्यात वॉर्डमधले सहा छोटे प्रसंग, हँडओव्हर वगैरे, प्रत्येकावर एक प्रश्न. तिसऱ्यात दोन मुलाखती किंवा व्याख्यानं. तिथेही एकदाच वाजवतात. तू रोज केस शीट भरतेस, त्यामुळे पहिला भाग तुझ्या हातचा मळ आहे. आयईएलटीएसच्या चौथ्या भागात कधी मधमाश्या, कधी जुन्या इमारती, काहीही येतं. फी मात्र ओईटीची बरीच जास्त आहे.

रात्रपाळी
ताई, फी बघूनच मागे फिरले होते. शिवाय आयईएलटीएसची तारीख घेऊन झाली आहे, पुणे केंद्र, कॉम्प्युटरवरची. आधी हीच देते. नाही जमलं तर ओईटी.

लीड्सची सिस्टर
मग हीच मनापासून दे. आणि एकाच विषयात बँड कमी पडले तर कॉम्प्युटरवाल्यांना तेवढाच एक विषय ६० दिवसांच्या आत पुन्हा देण्याची सोय आहे. मात्र तसा निकाल चालतो का हे पैसे भरायच्या आधी एनएमसीच्या साइटवर बघून घे, कुणाच्या व्हिडिओवर विसंबू नकोस.

पूर्वभागातला
ताई, नकाशाच्या प्रश्नावर कुणी बोललं नाही अजून. दुसऱ्या भागात बऱ्याचदा येतो. बागेचा, म्युझियमचा किंवा गावाचा नकाशा, त्यावर ए, बी, सी अशी अक्षरं, आणि बोलणारा माणूस तुम्हाला फिरवतो. यात माझे सगळे गुण जायचे. शब्द सोपे असतात, अपोझिट, जस्ट पास्ट, ॲट द फार एंड, ऑन युअर लेफ्ट. पण डोक्यात नकाशा फिरवेपर्यंत तो पुढच्या इमारतीला पोचतो.

माझा उपाय घरगुती होता. मित्राला फोन करून इंग्रजीत रस्ता सांगायला लावायचो. सात रस्त्याला उभा आहेस असं धर आणि मला सिद्धेश्वर मंदिरापर्यंत पोचव. तो सांगेल तसं मी कागदावर रेघ ओढायची. सात रस्त्यासारखा चौक इंग्लंडच्या नकाशात आला तर तिथले पोरंही रडतील. पार्क चौक, भुईकोट किल्ला, तलाव, सगळं इंग्रजीतून फिरून झालं. मग मी तेच त्याला सांगायचो. सांगताना शब्द तोंडात बसतात, मग ऐकताना अडत नाहीत. नकाशा समोर आला की पहिलं काम, मुख्य दरवाजा कुठे आहे आणि उत्तर दिशा दाखवली आहे का ते बघणं.

होटगी रोड
हे मी उचलतोय. उद्याच्या बॅचला घेतो.

जुळे सोलापूर
जागेबद्दल विचारतो, कारण माझ्या मुलीचाही हाच प्रश्न आहे. घरी शांतता नसते. आवाजात सराव करावा की नाही? गड्ड्याच्या जत्रेत उभं राहून ऐकलं तर हेडफोनमध्ये काहीच वाटणार नाही, असं एकानं सुचवलं.

पूर्वभागातला
काका, मी यंत्रमागाच्या खटखटीत वाढलोय, तरी सांगतो, श्रुतलेखन आवाजात करू नये. नुसती चिडचिड होते. कान तयार झाल्यावर शेवटच्या दिवसांत पूर्ण पेपर मुद्दाम थोड्या गोंगाटात सोडवा. परीक्षेच्या खोलीत आजूबाजूचे कीबोर्ड चालू असतात आणि कुणाला तरी खोकला असतोच. आपल्याकडे एमपीएससीवाल्या पोरांमुळे गल्लोगल्ली अभ्यासिका झाल्या आहेत, तिथे हेडफोन लावून बसता येतं.

खडू आणि फळा
परीक्षेच्या अर्ध्या तासाबद्दल थोडं. प्रत्येक भागाआधी प्रश्न वाचायला वेळ देतात. तो स्पेलिंग बघण्यात घालवू नका. प्रत्येक रिकाम्या जागेत काय बसेल ते ठरवा: आकडा, माणसाचं नाव, वस्तू, एकवचन की अनेकवचन. प्रश्न रेकॉर्डिंगच्या क्रमानंच येतात, हा मोठा आधार आहे. अकरावं सुटलं आणि बाराव्यातला शब्द कानावर आला, तर अकरावं गेलं असं समजून पुढे चला. मागे वळून बघणारा दोन आणखी घालवतो.

चौथ्या भागात मध्ये थांबा नसतो. सुरुवातीच्या वेळेतच दहाच्या दहा प्रश्नांवर नजर फिरवा.

पहिल्या भागात पेरलेली हुलकावणी ओळखा. ‘मंगळवारी या. अरे नाही, मंगळवारी मी नाहीये, गुरुवारी जमेल?’ आपली मुलं मंगळवार लिहून खूश. पहिला आकडा किंवा वार ऐकला की हलक्या हातानं टिपायचा, पक्का करायचा नाही. ‘बट’, ‘ॲक्चुअली’, ‘सॉरी’ ऐकू आलं की पेन पुन्हा उचलायचं.

आणि प्रश्नात छापलेले शब्द रेकॉर्डिंगमध्ये तसेच येतील अशी आशा नको. प्रश्नात ‘स्वस्त’ असेल तर बोलणारा ‘फार पैसे जात नाहीत’ म्हणेल. रिकाम्या जागेतला शब्द मात्र तो म्हणेल तसाच लिहायचा, स्वतःचा पर्यायी शब्द घालायचा नाही.

रात्रपाळी
सर, हे छापून लॉकरच्या दाराला आतून लावलंय. वॉर्डमधल्या आणखी दोघी तयारी करतात, त्यांनाही दाखवलं. आता आम्ही तिघी मिळून एकाच तुकड्याचं श्रुतलेखन करतो आणि वह्या बदलून तपासतो. गंमत म्हणजे तिघींच्या लाल खुणा वेगवेगळ्या निघाल्या. एकीला स्पेलिंगचा रोग, ॲकोमोडेशन आणि वेन्सडे दर वेळी चुकतात. दुसरीचं लक्ष तिसऱ्या भागात उडतं. माझे ते चिल्लर शब्द आता बरेच सापडायला लागलेत, आणि या आठवड्याचा पेपर पहिल्यांदाच अठ्ठाविशीच्या पुढे गेला.

एक शंका. काही व्हिडिओंत सांगतात की शेवटी उत्तरं उतरवायला दहा मिनिटं मिळतात. मग मी आधी भराभर खरडायचं का?

होटगी रोड
ती दहा मिनिटं कागदावरच्या परीक्षेची. तुमची कॉम्प्युटरवरची आहे, तिथे शेवटी फक्त दोन मिनिटं तपासायला मिळतात. म्हणजे ऐकता ऐकताच टाइप करायचं. टायपिंग हळू असेल तर आत्तापासून सराव कीबोर्डवरच करा, वहीत नको. तिथे स्पेलिंगखाली लाल रेघ येत नाही हेही लक्षात ठेवा. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंगं चालतात.

कडक भाकरी
ताई, सकाळचा स्लॉट असेल तर हुतात्मा एक्स्प्रेसनं त्याच दिवशी निघायचा विचार करू नका. अडीचशे किलोमीटर आहे, पोचेपर्यंत तुमचं लिसनिंग संपलेलं असेल. आदल्या दिवशी जाऊन रहा. नाइट करून तर अजिबात जाऊ नका, झोप नसली की मराठी पण कळत नाही बे.

मेलबर्नची सून
भाकरी पहिल्यांदा कामाचं बोलला. पासपोर्ट विसरू नका, बुकिंगला दिलेलाच लागतो. घड्याळ आत नेऊ देत नाहीत. बसल्या बसल्या हेडफोनचा आवाज तपासायला देतात, तेव्हा लाजू नका. नीट ऐकू येत नसेल तर तेव्हाच हात वर करा, सुरू झाल्यावर काही होत नाही.

रात्रपाळी
ड्युटी बदलून घेतली आहे, आदल्या दिवशी मावशीकडे हडपसरला जाईन. सर, शेवटचं विचारते. ती जी दोन मिनिटं मिळतात त्यात चाळीस उत्तरं काही बघून होणार नाहीत. काय बघू?

खडू आणि फळा
आधी रिकाम्या जागा. सुचेल ते भरा, वजाबाकी नाही. मग शब्दमर्यादा. दोनच शब्द सांगितले असतील आणि तुम्ही तीन लिहिले असतील तर बरोबर उत्तरही शून्य होतं. ‘अ’, ‘द’ हेही मोजतात, गरज नसेल तर काढून टाका. मग तुमचा जुना रोग, शेवटचा एस. जागेआधी ‘मेनी’, ‘टू’ (म्हणजे दोन), ‘सेव्हरल’ असं काही छापलेलं असेल तर नाम अनेकवचनी असणार. तेवढ्यात वेळ संपेल. बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरं बदलायला जाऊ नका.